चुन्याचं नख

रायफल हातात घेण्याआधी आबा डबीतला चुना डाव्या अंगठ्याच्या नखावर चोळत. बाकी नखं तेलानं काळी आणि हे एक पांढरंशुभ्र! गिऱ्हाईक बंदुकीचं कौतुक सांगायला लागलं की म्हणत, "पहिले नळी दखाडा, मंग गोष्टी सांगा."

धुळ्याच्या एका बंदुकीच्या दुकानात मी परवान्यांची नोंद ठेवायला होतो. सत्तरच्या आसपासची गोष्ट. लष्करातून बाद होऊन परवान्यावर मिळणाऱ्या जुन्या रायफली तेव्हा दुकानात यायच्या, आणि त्यांचा भाव ठरवायचे आमचे आबा. पलटणीच्या शस्त्रागारात उमेदीची वर्षं काढलेला माणूस.

बोल्ट काढून ते मागच्या तोंडाशी अंगठा धरत. नखावरचा उजेड नळीत जाई आणि पुढच्या तोंडाला डोळा लावून ते आतले पिळदार आटे बघत. मग एक गोळी टोकाकडून नळीच्या तोंडात घालत. नळी झिजलेली असली की गोळी जास्त आत शिरते. पारोळ्याच्या एका हौशी गृहस्थांनी लाकडी दस्ता घासूनपुसून आरशासारखा चमकवून आणला होता. गोळी जवळजवळ सगळी आत गेली. आबा म्हणाले, "लाकूडले तेल पाजं, नळी मातर उपाशी राहिनी." गृहस्थ स्वतःच हसले आणि निम्म्या भावाला तयार झाले.

आमच्या शेठजींना भाव गुरांच्या बाजारासारखा रुमालाखाली बोटं दाबून ठरवायला आवडे. आबांना ते मुळीच खपत नसे. घेणारा आणि देणारा, दोघांना ऐकू जाईल असा भाव ते मोठ्यानं सांगत, आणि एकदाच. यावलच्या एक बाई नवऱ्यामागं राहिलेली रायफल गोधडीत गुंडाळून घेऊन आल्या. द्याल ते द्या, म्हणाल्या. शेठजी आबांना डोळ्यांनी खुणावत होते. आबांनी नळी पाहिली आणि शेठजींच्या मनातल्या भावाच्या दुप्पट भाव खणखणीत सांगून टाकला. शेठजी तीन दिवस आबांशी बोलले नाहीत. मला आबांचा असा अभिमान वाटला की काय सांगू!

मग रावेरचे एक केळीवाले आले. रानडुकरांनी बाग लोळवली होती, परवाना नुकताच हाती पडला होता. आबा नळीला डोळा लावून बसले ते बसलेच. शेवटी रायफल माझ्याकडे दिली. "तू दख."

मी पाहिलं. आटे स्वच्छ होते, तसं सांगितलं. केळीवाले म्हणाले, "आबा, तुमी सांगा. मंग मी घेतो."

आबांनी चुन्याची डबी बंद केली. "माले काहीच दिखत नही, भाऊ. मागला दोन भाव मी गोळी चाचपीसन नुसता बोटवर सांगात."

शेठजींचा चेहरा उतरला. आबांनी तिथल्या तिथे माझ्याकडून त्या दोन गिऱ्हाइकांना पत्रं लिहून घेतली. दोघं रायफली घेऊन आले, मी तपासल्या. दोन्ही भाव चोख निघाले. शेठजीसुद्धा म्हणाले, "आबा, राहा. तुमचं बोटच पुरे आहे." आबांनी मान हलवली. "हाई नसीब शे, पारख नही." डबी माझ्या टेबलावर ठेवून ते गेले, ते परत दुकानाची पायरी चढले नाहीत.

भाव सांगायचं काम माझ्यावर आलं. वर्षभरानं त्यांना भेटायला गेलो. आवाजावरून त्यांनी ओळखलं. माझा हात चाचपून अंगठा धरला, नखावरून बोट फिरवलं. चुना त्यांच्या बोटाला लागला तेव्हा ते लहान पोरासारखे खुलले.

"कोणी रायफल व्हती?"

"एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. विकायला आणली होती."

"भाव जोरमा सांगेल व्हता ना?"

"हो आबा," मी म्हणालो. त्या सकाळी शेठजींनी रुमाल पुढे केला होता आणि मी मुकाट्यानं त्याखाली हात घातला होता. आबांशी मी बोललेलं तेवढं एकच खोटं.

ते बोट त्यांनी धोतराला पुसलं नाही. मी निघेपर्यंत तसंच जपून धरलं होतं.

त्याच उन्हाळ्यात आबा गेले. त्यानंतर मी प्रत्येक भाव मोठ्यानंच सांगितला.