हनुमानचा डावा खांदा

सहा वर्षांपूर्वी चकलांब्याच्या शाळेत मी बदलून आले. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी शाळेकडे जाताना सुंदरराव दिसले. गावातले मोठे जमीनदार, राजकारणातला वजनदार माणूस. रस्त्याकडेच्या ज्वारीत दोन्ही हात पाठीमागे बांधून, पोट पुढे काढून उभे होते. मी अदबीनं नमस्कार केला. त्यांनी मानही हलवली नाही. नवी बाई म्हणून किंमत देत नसतील, असं वाटून मी दिवसभर धुसफुसत राहिले. राग पोरांवर निघाला. संध्याकाळी परत येताना पाहते तर सुंदरराव तिथेच, तसेच उभे. ते बुजगावणं होतं.

कुणी केलं म्हणून चौकशी केली, तेव्हा उत्तरेश्वर बप्पांचं नाव कळलं. साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. दीड एकर रान, दोन शेळ्या, आणि हिवाळा आला की गावभरची बुजगावणी. सुंदररावांचं बुजगावणं तर इतकं हुबेहूब झालं होतं, की लोक येता-जाता त्याला 'रस्त्याचं काय झालं?' म्हणून विचारायचे. ते काही उत्तर देत नसे, पण खऱ्या सुंदररावांकडूनही त्याहून जास्त काही मिळत नव्हतं. शेवटी सुंदरराव वैतागून बप्पांकडे आले, "पोट कमी कर त्याचं."

"मालक, पोट कमी केलं तर पाखरं येतेल," बप्पा शांतपणे म्हणाले. पोट तसंच राहिलं.

बप्पांचं म्हणणं असं, की पाखरू कपड्याला भीत नाही आणि तोंडालाही भीत नाही. "पाखरू काय आधारकार्ड बगतंय का, म्याडम? मालक रानात उभा कसा ऱ्हातो, त्येवढं त्याला पक्कं ठावं असतं." म्हणून ज्याचं रान, त्याचंच बुजगावणं. त्यासाठी बप्पा आधी त्या माणसाच्या मागे मागे हिंडत. चहाच्या निमित्तानं घरी जात, रानात जात, बांधावर बसून नुसते बघत. मग अंगातला सदरा मागत, तोही न धुतलेला. एका घरच्या सुनेनं बिचारीनं चांगुलपणानं धुऊन, घडी घालून दिला, तर यांनी तो परत केला आणि चार दिवस तिच्या नवऱ्यानं तो घालून काम केल्यावरच नेला. चेहऱ्यावर ते वेळ घालवत नसत. पोत्याचा गोळा, वर रुमाल, झालं डोकं. सगळा जीव पाठीत आणि खांद्यांत. मोबदला म्हणून हुरड्याची पाच-सहा कणसं.

"जित्या बायकोकडं बगायला सवड न्हाई, अन् काठीला कापडं नेसवतोय," असं त्यांच्या घरच्या, सुभद्राबाई, येईल त्याला सांगत. पण सदऱ्याची बटणं लावून देत त्याच.

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. घरं बंद, ओट्यांवर म्हातारी माणसं. अशा वेळी रानारानांत गेलेली माणसं उभी असतात. हा प्रकार मी दुसऱ्या गावात पाहिला नाही. कुणाचा एक पाय जरा वाकडा, कुणी मान कलती करून उभा. गाव त्यांना नावानंच ओळखतं.

कडूबाईंचा मुलगा हनुमानही गेली तीन वर्षं बायको-पोरं घेऊन जातो. कडूबाई मागे एकट्या. दुपारी भाकरी घेऊन रानात जातात आणि त्याच्या बुजगावण्याच्या सावलीला बसून खातात. म्हातारी भ्रमिष्ट वगैरे अजिबात नाही, तल्लख आहे. "कडबा हाय, मला दिसतंय की," त्या मला एकदा म्हणाल्या, "पर घरात एकलीला घास उतरत न्हाई." त्या हनुमानचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली होता. उसाच्या मोळ्या वाहून वाहून झाला असणार. बप्पांनी तो इतका नेमका बांधला होता, की लांबून बघताना मला दर वेळी वाटे, आता हा मोळी टेकवून घाम पुसेल.

यंदा जानेवारीत गेवराईला शेतीचं प्रदर्शन होतं. कुठल्याशा मंडळानं बुजगावण्यांची स्पर्धा ठेवली होती. पत्रकावर वर ठळक अक्षरांत 'कल्पकतेला मुक्त वाव' आणि त्याखाली अकरा नियम. उंची पाच फूट. चेहरा हसरा. गळ्यात सामाजिक संदेशाची पाटी. वाचून मला हसू आलं, पण फार हसायचा मला अधिकार नाही. 'मनातलं चित्र काढा' असं फळ्यावर लिहून, ज्या पोरानं दोन डोंगर आणि मधला सूर्य काढला नाही त्याला 'हे काय काढलंस?' म्हणणारी मीच.

फॉर्मही मीच भरला. बप्पा नको म्हणतील असं वाटलं होतं. उलट ते हळूच म्हणाले, "म्याडम, नंबर आला तर नाव माइकवरून घेतेत का?"

"घेतात की."

"उब्या जन्मात कुणी घेतलं न्हाई. एकडाव ऐकू वाटतंय." एवढ्या कमी बोलणाऱ्या माणसानं हे सांगितल्यावर मला त्यांचा नंबर यायलाच हवा असं वाटायला लागलं.

नवीन करायला वेळ नव्हता. सगळ्यांत उत्तम हनुमानच जमला होता, यात दुमत नव्हतं. पण ज्वारी ऐन हुरड्यात आलेली, ती दोन दिवस उघडी पडणार. बप्पा विचारायला गेले, तेव्हा कडूबाईंनी एकदा ज्वारीवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "दोनच दिवस ना? ने. मी वाजवीन डबा. पर जसा नेतोस तसा आणून दे."

जीपमध्ये त्याला झोपवायला जागा नव्हती. आमच्या दोघांच्या मध्ये हनुमान बसला, एक हात माझ्या मांडीवर. ड्रायव्हरनं आरशात बघून विचारलं, "पावणं कुठले?" बप्पांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आमच्याच गावचे हायेत."

प्रदर्शनात वीस-बावीस बुजगावणी होती. प्लास्टिकच्या बाटल्यांची, सीडींची, एक तर लाइट लागणारं. सगळी हसत होती आणि सगळ्यांच्या गळ्यात पाट्या होत्या. हनुमान मात्र पाठमोरा उभा. लोक पुढे जाऊन पुन्हा मागे वळून बघत. परीक्षकसाहेबही थांबले. माणूस जाणकार होता, उगाच नावं का ठेवू? दोन वेळा फेरी मारली, चष्मा पुसला. "खरं सांगतो, पहिला नंबर हाच," ते म्हणाले. बप्पांनी टोपी सारखी केली. "फक्त नियमात बसवून द्या. तोंड हसरं करा, एक पाटी अडकवा, आणि हा खांदा सरळ करा. फोटोत तुटल्यासारखा दिसतो. अर्धा तास देतो."

पाटी मी लगेच लिहून आणली, 'पाणी वाचवा'. बप्पांनी ती मुकाट्यानं गळ्यात घातली. कोळशानं हसरं तोंडही काढलं. मग खांद्याची सुतळी सोडायला घेतली. एक गाठ सुटली. दुसऱ्या गाठीवर त्यांचा हात थांबला.

"करा की सरळ," मी म्हटलं. घड्याळ दिसत होतं मला. "परत गेल्यावर बांधा पुन्हा तसाच."

"ह्यो खांदा मी केल्याला न्हाई, म्याडम. उसानं केलाय. मी निस्ता बगितला." त्यांनी सुटलेली गाठ पुन्हा बांधली, ओढून पक्की केली.

मला राग आला, स्पष्टच सांगते. एवढं भाडं भरून, एवढ्या जवळ येऊन! संध्याकाळी माइकवरून लाइटवाल्याचं नाव घेतलं. मग दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ. बप्पा प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होते. शेवटचं नाव झालं तेव्हा उठून त्यांनी पाटी काढली, रुमालानं ते हसू पुसलं आणि हनुमानला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याला रानात उभा करत होतो. दोन दिवस डबा वाजवून कडूबाईंचा हात सुजला होता. त्यांनी जवळ येऊन फक्त डाव्या खांद्यावरून हात फिरवला आणि भाकरीचं फडकं सोडलं. एवढ्यात माझा मोबाइल वाजला. कडूबाईंच्या जुन्या फोनवर बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून हनुमान आठवड्यातून एकदा मलाच व्हिडिओ कॉल करतो. मागे उसाचा फड, कोयत्यांचे आवाज.

"आय, ज्वारी दाव की."

मी मोबाइल फिरवला. ज्वारी, बांध, आणि मग मधोमध पाठमोरा उभा असलेला तो. पलीकडे आवाज थांबला. मला वाटलं रेंज गेली. पण पडद्यावर त्याचा चेहरा होता, डोळे न मिटता बघत असलेला. आपली पाठ माणसाला कधी दिसते?

"आय," तो म्हणाला, "माजा खांदा येवढा खाली गेलाय?"

कडूबाईंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला. "व्हय रं बाळा. कवाच गेलाय. औंदा आलास की रोज तेल लावून चोळते."

"बरं," तो म्हणाला. मग एकदम मागे वळून ओरडला, "ए, हिकडं या बे समदे! ह्ये बगा, मी हाय ह्यो! आमच्या उत्तरेश्वर बप्पानं केलाय, उत्तरेश्वर बप्पानं!"

फडातून पाच-सहा डोकी मोबाइलवर वाकली. एक बाई म्हणाली, "अगं बया, ह्यो तर हनुमानच." कुणीतरी आपल्या नवऱ्याला पुढे ढकलत विचारलं, यांचा करून देता का, यांची पाठ कशी दिसती ती यांना दावायचीय.

बप्पा मोबाइलसमोर यायला तयार होईनात. ज्वारीत जाऊन उभे राहिले, पाठमोरे.