एक लाख तीन वाती

कूलर मी लावला. ग्वाल्हेरचा मे महिना, अंगाची भट्टी झालेली. वनमालाताईंच्या बैठकीत शिरलो आणि न विचारता बटण थेट 'फुल'वर फिरवलं. समोरच्या ताटलीतल्या तीन वाती भुर्रकन उडाल्या.

"तुकोजीराव!" ताई ओरडल्या. "तास राहिलाय मंदिरात जायला!"

वनमालाताई म्हणजे आमच्या शेजारी. शहराच्या लश्कर भागातल्या शाळेत तीस वर्षं मुलींना गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण गणित काही निवृत्त झालं नाही. भाजीवाल्याच्या गाडीचा नंबरही त्या भागून बघतात. नात उन्नती दहावीला गणितात अडखळत होती, म्हणून लाख वातींचा नवस बोलल्या. पोरगी पास झाली! पण लाख ही संख्या ताईंना पसंत नाही. "नुसते दोन आणि पाच, पाच-पाच वेळा! हिला कुणीही फोडावं. गणिताचा नवस मूळ संख्येनेच फिटायला हवा."

लाखाच्या पुढची पहिली मूळ संख्या एक लाख तीन. तीनशे सोळापर्यंतच्या, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, प्रत्येक मूळ संख्येने स्वतः भागून ताईंनी खात्री केलेली. लाख वाती डब्यांत बांधून तयार. वरच्या तीन ताटलीत. होत्या.

एक सोफ्याखाली सापडली. दोन कूलरसाठी भरून ठेवलेल्या बादलीत पोहत होत्या. घरातला कापूस संपलेला.

"मग झाल्या की एक लाख एक!" मी हुशारी केली. "शगुनाचा वरचा एक. आपण आहेर असाच देतो ना?"

"हां आजी, चलेगा ना! शुभ असतं ते," उन्नती म्हणाली.

ताईंनी बोटं नाचवली. "एकाआड एक अंक घ्या. एक, शून्य, शून्य. बेरीज एक. उरलेले शून्य, शून्य, एक. बेरीज पुन्हा एक! वजाबाकी शून्य, म्हणजे अकराने भाग जातो. अकरा गुणिले नऊ हजार एक्क्याण्णव. वाह रे शगुन!"

"एक लाख दोन?"

"सम संख्या! लाज वाटते का, भाईसाहेब?"

मी कानातला खसच्या अत्तराचा कापसाचा बोळा काढून पुढे केला.

"कानातला? देवाला?"

धावत घरी गेलो. सासुरवाडीची कोरी रजई कपाटात होती, तिची शिवण उसवली. बायको मागून ओरडतेय, मी मूठभर कापूस घेऊन पळतोय! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ताईंनी तळहातावर दोन वाती वळल्या. उन्नतीने स्कूटी काढली, ताई डबे मांडीवर घेऊन मागे बसल्या, मी सायकलवर धापा टाकत.

दत्तमंदिरात तुपात भिजलेला तो ढीग पेटला. काय जाळ! उन्नती टाळ्या पिटत होती, ताईंचे डोळे चमकत होते.

मला राहवलं नाही. "ताई, एक लाख एक लावल्या असत्या तर देवाला कळलं असतं?"

"देवाचा काय संबंध? नवस माझा."