रक्त थांबल्यानंतर

बेंगळुरातल्या बनशंकरी भागात कुठल्याही लग्नात फत्तेसिंगरावांचं क्लॅरिनेट नसलं, की लोकांना चुकल्यासारखं वाटे. कैक पिढ्या तिथं काढलेलं मराठा घर. बोलण्यात कन्नड सहज मिसळायचं. १९९५च्या वैशाखात, भर वरातीत, त्यांनी वाद्य सोडून दोन्ही हातांनी डोकं धरलं. "डोक्यात काहीतरी फुटलं," एवढंच म्हणाले आणि कोसळले.

मेंदूची फुगलेली रक्तवाहिनी फुटली होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून डॉक्टरांनी ती क्लिप लावून बंद केली. फत्तेसिंगराव शुद्धीवर आले, इडली मागू लागले. थोरले भाऊ नरसिंहराव म्हणाले, "सरी, ठीक झालं, आता घरी नेऊ. या गोळ्यांनी उलट बीपी उतरतंय, चक्कर येते त्याला."

डॉक्टर कावेरी स्टूल ओढून बसल्या. "अण्णा, धोका टळलेला नाही. सांडलेल्या रक्तानं काही दिवसांनी मेंदूच्या शिरा आखडतात. रक्त पोचलं नाही तर तेवढा भाग मरतो. ते नुकसान कमी व्हावं म्हणून या निमोडिपिनच्या गोळ्या. दर चार तासांनी, तीन आठवडे. बीपी उतरलं तर थोड्या थोड्या देऊ, पण बंद करायच्या नाहीत."

"मग काही होणार नाही ना?" फत्तेसिंगरावांच्या पत्नी सकवारबाईंनी विचारलं.

"तसं वचन नाही देता येत, अक्का."

"राहतो मी," फत्तेसिंगराव खाटेवरून म्हणाले.

आठवडा उलटला आणि एका सकाळी त्यांना पाणी मागता येईना. तोंडातून भलतेच आवाज येत होते, उजवा हात उचलत नव्हता. शिरा आखडल्या होत्या. सलाईन वाढवलं, औषध देऊन बीपी मुद्दाम चढवलं. गोळ्याही चालूच ठेवल्या, आता नाकातल्या नळीवाटे. सकवारबाई त्यांचा निर्जीव हात चोळत बसून राहिल्या.

काही दिवसांनी त्यांनी डोळे उघडून हाक मारली, "सकवार." उभ्या संसारात 'अगं'खेरीज त्यांनी बायकोला दुसरी हाक मारली नव्हती. त्या खिडकीकडे तोंड करून रडल्या.

भाषा परत आली. उजव्या हाताची बोटं आली नाहीत. गोळ्यांचा काय उपयोग झाला, असं नरसिंहराव म्हणाले, तेव्हा फत्तेसिंगराव एकेक शब्द जुळवत उत्तरले, "तुझ्याशी भांडतोय, दिसत नाही?"

वाजंत्र्यांची पंगत नेहमी शेवटची. आता लग्नात फत्तेसिंगराव पाहुण्यांबरोबर पहिल्या पंगतीत बसत, डाव्या हातात चमचा धरून. मांडवाबाहेर बँड सुरू झाला, की घास तसाच थांबे.