शिळांवरचा लाल रंग

हे मी घरीसुद्धा कधी सांगितलेलं नाही: जंगलातल्या त्या उभ्या शिळांचा फोटो, वाटेच्या खुणांसकट, फेसबुकवर खोट्या नावानं मीच टाकला.

आम्हा रविवारच्या भटक्यांना तिथे नेणारा पोंभुर्ण्याचा पंप मेकॅनिक. जंगल लागलं की सगळ्यांचे मोबाईल तो आपल्या डब्याच्या पिशवीत टाकायचा. "सासुरवाडीले आल्यावानी चाला," म्हणायचा. मी दुसरा मोबाईल मोज्यात लपवला होता.

फोटो पाहून टोळकी आली. गोंड गावानं आपल्या मेलेल्या माणसांसाठी उभारलेल्या त्या शिळा, आणि त्यांवर लाल ऑइलपेंटनं जोडप्यांची नावं! जंगलात रंगाचा डबा घेऊन येतं तरी कोण?

मेकॅनिक रॉकेल आणि काथ्या घेऊन रंग घासत होता. मी पाणी ओतत होतो.

"मेलेल्या मानसाच्या छातीवर नाव लिवते का कोनी, भाऊ?" मला म्हणाला. मग आमच्यातल्या फोटोवेड्या मास्तरवर उसळला, "तूच टाकला न बे फोटू? यापुढं येऊ नको!"

मास्तर शपथा घेत राहिला. मी रिकामी बाटली झटकत राहिलो.

मास्तर आता येत नाही. मला मात्र मेकॅनिक दर रविवारी हाक मारतो, "चलता का भाऊ?"

फोटो माझा होता, हे त्या दोघांसमोर सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.