मुकुंदराव, ‘कोरडे दिवस’ आणि आमचा जयंत

मुकुंदरावांना मी प्रथम पाहिले ते आडवे झालेले. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्र वसाहतीत गणेशोत्सवाचा कार्यक्रम होता. मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होतो. रंगमंचामागे सतरंज्यांच्या ढिगावर तिशीतला एक माणूस झोपला होता. “हेच आजचे गायक,” असे मला सांगण्यात आले. नाव पुकारल्यावर ते उठले, तोंडावर पाणी मारले आणि गायले. तोल जाऊ नये म्हणून माईकचा दांडा घट्ट धरला होता, पण सूर एकदाही हलला नाही. खाली उतरल्यावर त्यांनी मला विचारले, “लोकांची गाणी किती दिवस वाजवणार, दिनकर?” मला राग आला होता. पुढे बारा वर्षे मी त्यांच्याच मागे बसून वाजवले.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असे संपादक मंडळींनी सुचवले आणि विषयही दिला: मुकुंदरावांचा प्रामाणिकपणा. तो विषय मी टाळणार नाही.

सुरुवातीला आम्ही तिघे होतो. शब्द आणि गळा मुकुंदरावांचा, ड्रम माझे आणि गिटार जयंतचे. जयंत म्हणजे माझी पत्नी शैलजा हिचा धाकटा भाऊ. मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा मळा होता. फुलांच्या जुड्या बांधायच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा सराव चाले. जयंतला पहिला ग्लास मुकुंदरावांनी दिला तो तिथेच. मी समोर ड्रमची कातडी ताणत बसलो होतो. मी पाहिले आणि काही बोललो नाही.

मुकुंदरावांचे पिणे पुढे दिवसाढवळ्या सुरू झाले. एका सकाळी कामावर हजेरीपत्रकावर सही करताना त्यांचा हात इतका थरथरू लागला की कारकुनाने मुकाट्याने शाईची डबी पुढे सरकवली. इंजिनिअरिंगची पदविका घेतलेल्या माणसापुढे अंगठ्याची शाई! त्याच आठवड्यात ते आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेले. परतले तेव्हा त्यांच्याजवळ गाण्यांनी भरलेली वही होती.

त्या वहीतून ‘कोरडे दिवस’ हा आमचा बँड उभा राहिला. नव्वदच्या दशकात नाशकात असली मराठी गाणी कुणी ऐकली नव्हती. त्यांत उपदेश नव्हता. केंद्रातला स्टीलच्या पेल्यातला चहा होता, चमचा धरू न शकणारी बोटे होती, गुत्ता टाळण्यासाठी धरलेला घराचा लांबचा रस्ता होता. आम्ही स्वतःच रेकॉर्ड केलेली कॅसेट हातोहात कळवणपर्यंत पोहोचली.

तिकडचाच एक एस.टी. ड्रायव्हर एका कार्यक्रमानंतर मुकुंदरावांच्या पाया पडू लागला. त्यांनी पाय मागे घेतले. “पाया नको पडू. गुरुवारी न पिता ये, स्टँडवर चहा पाजतो.” तो आला. पुढे वर्षभर दर गुरुवारी, ताप असतानाही, मुकुंदराव त्याच्यासाठी स्टँडवर गेले. तो माणूस आज नातवंडे खेळवतो आहे. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून लिहितो.

जयंत मात्र पीतच राहिला. गंगापूर रोडवरच्या एका कार्यक्रमाला तो पिऊन आला. मुकुंदरावांनी भर रंगमंचावर त्याच्या गिटारची वायर काढली आणि माईकवर सांगितले, “आमच्यात आज एकजण प्यायलेला आहे. कार्यक्रम होणार नाही.” जयंत हसत होता. बराच वेळ हसत होता. गाडीत मी मुकुंदरावांना म्हणालो, “चारचौघांत कशाला?” ते म्हणाले, “दिनू, तो शेजारी उभा राहिला की मला त्याच्या श्वासाचा वास येतो. तो राहिला तर मी पुन्हा पिईन. तू ठरव.”

मी ठरवले. मुकुंदराव राहिले, जयंत गेला.

नंतर मुकुंदरावांनी त्याला दोनदा स्वतः केंद्रात पोहोचवले आणि दोन्ही वेळा तो पळून आला. पुढच्या उन्हाळ्यात तो सरकारी दवाखान्यात वारला. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितले, पोराला कावीळ झाली. लोकांनीही ते तसेच घेतले.

मुकुंदरावांनी गाणे केले. त्यात जयंतचे नाव होते, शेड होती, पहिला ग्लास होता आणि पिण्यापायी आईच्या पाटल्या विकणारा मुलगा होता. शैलजा त्यांच्या घरी गेली, मीही होतो. ती म्हणाली, “भाऊजी, गाणं करा, पण नाव काढा. आईला फुलं विकायला बाजारात बसायचं असतं.” मुकुंदराव रडले. मग म्हणाले, “वहिनी, मी एक गोष्ट लपवली की दुसरी लपवेन, आणि मग बाटली लपवेन. मला खरंच गावं लागेल.”

ते गाणे आमचे सर्वांत गाजलेले गाणे. फुलबाजारात शेजारच्या रसाच्या गाड्यावर ती कॅसेट वाजली. गाडेवाल्याला कुणाचे गाणे ते ठाऊक नव्हते, बायांना मात्र कळले. सासूबाई टोपली घेऊन घरी आल्या. मला म्हणाल्या, “माझं पोरगं मेलं हाय, जावईबापू, अन् लोक टाळ्या वाजवत्यात. तुमी बी वाजवता.” त्या पुन्हा बाजारात बसल्या नाहीत. मी मात्र आणखी तीन वर्षे ते गाणे वाजवले.

थांबलो ते वेगळ्या कारणाने. धुळ्याच्या कार्यक्रमाहून परतताना वणी फाट्यावर आम्ही जेवायला उतरलो होतो. मुकुंदराव ताटाला हात न लावता म्हणाले, “जयंता तिसऱ्यांदा आला होता. माझ्या घरी, भरदुपारी. मरायच्या महिनाभर आधी. दाराबाहेरून म्हणाला, ‘मुकुंदा, मी तयार आहे, मला घेऊन चल.’ मी आत होतो. त्या दिवशी माझंच खरं नव्हतं. त्याला पाहिलं असतं तर त्याच्याबरोबर गुत्त्यावर गेलो असतो. मी कडी काढली नाही. अर्धा तास तो पायरीवर बसला होता.”

मी विचारले, “हे गाण्यात का नाही?”

ते म्हणाले, “ते मला गाता येत नाही.”

सासूबाईंच्या पाटल्या गाता आल्या. स्वतःच्या दाराची कडी गाता आली नाही. त्या ताटावरून मी उठलो आणि पुन्हा ‘कोरडे दिवस’मध्ये वाजवले नाही. वर्षभरात बँड संपला. ते दार उघडले असते तर जयंत वाचला असता, असे मी म्हणत नाही. उघडले असते तर कदाचित दोघेही गेले असते, हेही मला कळते. कळल्याने राग जात नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी मुकुंदरावांना फोन केला. आवाज म्हातारा झाला आहे. मी म्हणालो, “दाराचं लिहिणार आहे.” ते म्हणाले, “लिही. संपादकांनी नको म्हटलं तर मी सांगेन, छापा म्हणून.” हा लेख आपल्या हाती असेल, तर त्यांनी तसे सांगितले असे समजावे. प्रामाणिकपणाबद्दल मला एवढेच ठाऊक आहे.

शैलजा साठीच्या समारंभाला येणार नाही. मी येईन, मागच्या रांगेत बसेन. एवढ्या वर्षांत त्यांनी थेंबालाही स्पर्श केलेला नाही. त्या व्रताला एका घराने किती मोजले, हे आता सभागृहालाही माहीत असावे. मुकुंदरावांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती धडधाकट राहो आणि आवाजही टिको. त्यांनी शंभर वर्षे जगावे, आणि ती सगळीच्या सगळी शुद्धीत जगावीत.