वैनी मागून चालत आली

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळी भावकी मिळून रानात जाते, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करून आत पूजा मांडते, भज्जी आणि आंबील खाते आणि दिवस कलला की परतते. मी बीदरला नौबादमध्ये राहते, शाळेत शिकवते. पण येळवशीला गावी गेले नाही असं कधी झालं नाही. आमचं रान टेकडीपलीकडं, तलावाच्या काठाला. तांबड्या मुरमाची चढण चढायची, सीताफळीच्या झुडपांतून खाली उतरायचं आणि मग पाण्याच्या कडेकडेनं चालायचं. थंडीत ती वाट फार देखणी दिसते.

अण्णा गेला त्या वर्षीही आम्ही त्याच वाटेनं गेलो.

अण्णा माझा थोरला भाऊ. बीदरजवळच्या कोळारला एका कारखान्यात होता. उन्हाळ्यात टाकी साफ करायला आत उतरला तो वर आलाच नाही. त्याला काढायला उतरलेला जोडीदारही गेला. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, त्याला आमच्याच रानात, तलावाकडच्या बांधाजवळ माती दिली. मागं त्याची बायको, आमची वैनी, आणि लहान पोरगी राहिली.

म्हणून यंदा येळवस करायची का, यावर घरात बोलणं झालं. चुलते म्हणाले, वर्ष सरलं नाही, राहू द्या. अप्पा म्हणाले, रान उपाशी ठेवायचं नाही. तेवढ्यावर ठरलं. मग अव्वानं, माझ्या आईनं, वैनीला सांगितलं की तू घरी थांब, पोरीला आम्ही नेतो. आंबिलीची घागर, बिंदगी, डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे वैनीचा. त्या वर्षी तो चुलतभावाच्या बायकोला दिला. अप्पा मठात प्रवचनाला जातात, बाईला कमी लेखू नये हे तिथून ऐकून येतात आणि आम्हालाही सांगतात. त्या सकाळी ते चपला घालून अंगणात उभे होते. काही बोलले नाहीत.

स्वयंपाक मात्र सगळा वैनीचाच होता. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे सोलून तिनं भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे वळले, बिंदगी भरून तिच्या तोंडाला फडकं बांधलं. आम्ही निघालो तेव्हा ती दारात आली नाही.

चढणीला लागलो. पोरं पुढं पळत होती, बायकांची थट्टा चालली होती, वारा कानाला झोंबत होता. मध्येच कुणीतरी मागं वळून पाहिलं आणि बोलता बोलता गप्प झालं. मग दुसरं, मग तिसरं. मी वळले. खाली, बऱ्याच अंतरावर, वैनी येत होती. रोजचीच साडी, हात रिकामे. ती अंतर कमी करत नव्हती आणि वाढूही देत नव्हती.

माथ्यावर विसाव्याला टोपल्या उतरवल्या. अव्वा माझ्याजवळ आली आणि दुसरीकडं बघत म्हणाली, तिला माघारी जायला सांग. मी खाली गेले. मला येताना बघून वैनी थांबली.

"तुला पाठवलं व्हय?"

"व्हय."

तिनं तलावाकडं बोट केलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पेरायला मी चालले, खुरपायला चालले. मग आज कामून चालंना? माझा माणूस हाय तिथं."

 मी तिच्या बाजूनं चालू लागले. अव्वानं आम्हा दोघींना वर येताना पाहिलं, टोपली उचलली आणि ती पुढं निघाली.

रानात पोचल्यावर चुलतभाऊ आणि त्याची बायको पूजेला बसली. अण्णा आणि वैनी बसायची, त्याच जागी. वैनी कोपीकडं फिरकली नाही. ती सरळ बांधाकडं गेली. पावसाळ्यात तिथली माती खचली होती, वर गवत माजलं होतं. ती गवत उपटत बसली.

पूजा झाल्यावर अप्पा रानाच्या कडेनं आंबील शिंपडत निघाले. मागून पोरं नेहमीसारखी आरोळ्या देत होती. बांधाजवळ अप्पांचे पाय थांबले. पोरांना कळायला वेळ लागला. ती आणखी थोडा वेळ ओरडत राहिली, मग गप्प झाली. अप्पांनी हातातल्या भांड्यातली सगळी आंबील तिथंच ओतली. वैनीनं मान वर केली नाही. ते रिकामं भांडं घेऊन कोपीत परत आले आणि भिंतीसारख्या उभ्या पेंढ्यांना टेकून बसले. राहिलेलं रान चुलत्यांनी शिंपडलं.

जेवणं झाली. वैनीचं ताट मी नेऊन दिलं, ते तसंच राहिलं. पुरुष सावलीला आडवे झाले. बायका गप्पांना लागल्या. तेवढ्यात अव्वा उठून उभी राहिली. बांधाजवळ वैनी नव्हती. अव्वानं तलावाकडं पाहिलं आणि तिच्या नावानं ओरडत पळत सुटली. मधे करडईचं रान होतं, काटेरी. तिच्या पायात चपला नव्हत्या. मी मागं धावले.

वैनी गुडघाभर पाण्यात वाकली होती. अव्वानं तिचा दंड धरून ओढलं.

"पाण्यात कामून उतरलीस? कामून?"

सासूला वैनी आत्या म्हणायची. तिनं हातातलं पातेलं दाखवलं. "भांडी घासायलेय, आत्या. मरायचंच असतं तर घरी हीर हाय. इतक्या लांब कशाला आले असते?"

अव्वा तिथं चिखलातच बसली आणि रडू लागली. अण्णाला माती दिली तेव्हाही ती मोठ्यानं रडली नव्हती. वैनीनं तिची समजूत घातली नाही, पण उठूनही गेली नाही. ओल्या मातीनं एकेक भांडं घासत राहिली. मी अव्वाच्या तळपायातले काटे काढले.  माफी अव्वानं त्या दिवशी मागितली नाही आणि पुढंही नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर वैनी पोरीला घेऊन बीदरला आली. माझ्या घराजवळ खोली घेतली आणि कोळारला एका गोदामात पॅकिंगच्या कामाला लागली. तिची बस रोज अण्णाच्या कारखान्याच्या फाटकावरून जाते. एकदा मी विचारलं, तिथून जाताना कसं वाटतं. ती म्हणाली, मी त्या बाजूच्या खिडकीला बसत नाही.

पुढच्या येळवशीला तिला सुट्टी मिळाली नाही. मिळाली असती तरी आली असती का, मला सांगता येत नाही. मी पोरीला घेऊन गेले. पोर टेकडीवर दमली, तेव्हा अव्वानं न बोलता तिला कडेवर घेतलं आणि उतार संपेपर्यंत खाली ठेवलं नाही.