पिशवीचा कोपरा

माझी लेक मनू दुधाची पिशवी कापत होती. मी म्हटलं, "कोपरा पूर्ण तोडू नकोस, जरा चिकटलेला राहू दे. एवढासा तुकडा केरात गेला की कुणाच्या हाती लागत नाही. मातीत तसाच पडून राहतो."

"किती दिवस?"

"दिवस कसले, आपण सगळे गेल्यावरही." मला तिला थोडं घाबरवायचंच होतं.

तिची कात्री थांबली. "आजोबा तर रोज पूर्ण कापायचे. मग ते तुकडे अजून असतील?"

"असतील."

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे आजोबांचं काहीतरी आहे अजून."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे शर्ट आम्ही देऊन टाकले, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, आवाजही आता आठवावा लागतो. जपायचं ते सगळं गेलं आणि त्यांनी टाकलेलं तेवढं राहिलं.

तेव्हापासून कात्री हातात घेतली की मनात येतं, माझं काय उरणार आहे तिच्यासाठी? स्वयंपाकघराच्या दारामागे मी साठवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी गच्च भरलेली एक पिशवी लटकत असते. मी तिच्याकडे बघायचं टाळते.